टेलटेल क्रॅक गेज: जुन्या इमारतींवर नजर ठेवणाऱ्यांनी घ्यावं का?

भिंतीतली भेग किती हलते ते मोजणाऱ्या या साधनाचा निकाल आधी सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. घ्या. पण पहिली खरेदी म्हणून घेऊ नका. पहिली खरेदी चांगल्या दुर्बिणीची आणि जाड पुठ्ठ्याच्या वहीची. आणि मागवण्याआधी, दर महिन्याला न चुकता त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहतील अशी निदान दोन माणसं हाताशी आहेत का, ते बघा. नसतील तर पैसे वाचवा.

वस्तू अगदी साधी आहे. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, एक दुसरीवर अर्धवट चढलेली. खालची पांढरी, तिच्यावर मिलिमीटरच्या चौकटी छापलेल्या. वरची पारदर्शक, तिच्यावर लाल फुली. एक पट्टी भेगेच्या या अंगाला पक्की करायची, दुसरी त्या अंगाला. भेग रुंदावली की फुली आडवी सरकते, भिंतीची एक बाजू खचली की उभी सरकते. बसवताना दोन्ही पट्ट्या शून्यावर धरून ठेवायला बारीक खुंट्या येतात, गोंद वाळला की त्या काढून टाकायच्या. बॅटरी नाही, अ‍ॅप नाही, पासवर्ड नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण रचना सगळ्यांची एकच. आम्ही दोन निरनिराळ्या कंपन्यांची वापरतो आणि फरक आहे तो फक्त छपाई किती ठळक आहे एवढाच.

मी इंजिनिअर नाही. नोकरी बँकेत झाली, त्यातली शेवटची वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या नोंदी तपासण्यात. जुन्या इमारतींची देखरेख करणाऱ्या आमच्या गटात मला घेतलं ते वास्तुकलेच्या प्रेमापोटी नव्हे, तर वही नीट ठेवेन म्हणून. तेव्हा हे परीक्षण वही ठेवणारीच्या नजरेतून आहे. भिंत का हलते ते मी सांगू शकत नाही. हलली की नाही, किती आणि कधी, हे सांगू शकते.

गटात सगळे स्वयंसेवक, सगळे फावल्या वेळातले. अधिकार म्हणाल तर एकही नाही. इमारती आमच्या मालकीच्या नाहीत, दुरुस्ती आमच्या खर्चाने होत नाही, नोटीस आम्ही काढू शकत नाही. जिथे कायद्याने नेमलेली वारसा समिती असते तिथेही एक भगदाड राहतंच. अमेरिकेत चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्ये आपल्या जुन्या वस्तीसाठी नियम केले आणि इमारतींच्या बाहेरून दिसणाऱ्या बदलांवर मत द्यायला मंडळ नेमलं. त्या देशातली ही अशी पहिली व्यवस्था. पुढे त्याच वाटेने कितीतरी लहान गावं गेली, आणि तिथल्या समित्यांवर बहुधा बिनपगारी नागरिकच बसतात. पण समितीपुढे विषय येतो तो कोणी अर्ज केला तरच. खिडकी बदलायची, अर्ज करा. मजला चढवायचा, अर्ज करा. पाडायची, अर्ज करा. पडू द्यायची असेल तर मात्र अर्ज लागत नाही! पन्हळ तुंबू द्यायची, फुटकं कौल तसंच ठेवायचं, काही वर्षं तिकडे फिरकायचं नाही, आणि मग "फार धोकादायक झाली हो" म्हणून हळहळायचं. यावर उपाय म्हणून काही ठिकाणच्या नियमांत किमान देखभालीची अट घातलेली असते. ती लागू करायची तर इमारत आधी कशी होती आणि आता कशी आहे हे तारखेनिशी दाखवावं लागतं, आणि तारखेनिशी नोंद सहसा कोणाकडेच नसते. मालकाकडे नसते, कचेरीत नसते. ती आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी ठेवायची.

म्हणून हे गेज मला आवडतं. अधिकार नसलेल्या माणसाच्या हातात ते एक आकडा देतं. "भेग वाढल्यासारखी वाटते" असं बैठकीत म्हटलं की समोरचा हसून मान डोलावतो. "मार्चात शून्य, जूनमध्ये दीड, सप्टेंबरात अडीच" म्हटलं की तो चष्मा लावतो.

आता बसवण्याविषयी. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात आणि खोक्यातला सूचनेचा कागद इथेच सगळ्यात तोकडा आहे. तो कागद नव्या, सिमेंटच्या भिंती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. तो म्हणतो, पृष्ठभाग पुसा, इपॉक्सीचा कडक गोंद लावा, दाबून धरा. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर इपॉक्सी लावलं तर दोनपैकी एक गोष्ट होते. गिलावा मऊ असला तर काही दिवसांनी त्याचा पापुद्राच गेजसकट खाली येतो, आणि तो पापुद्रा शंभर-दीडशे वर्षांचा असू शकतो. किंवा गेज टिकतं, पण तुम्ही मोजत असता गिलाव्याची हालचाल, भिंतीची नाही. गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे का ते बोटाच्या पेराने ठोकून कळतं. घट्ट असेल तर टणक आवाज, सुटलेला असेल तर भद्द. भद्द वाजला तर तिथे काहीही चिकटवू नका, ती जागाच सोडा. रंगकाम, चित्रं, कोरीव काम असलेल्या भागाला तर हातच लावू नका.

उघड्या दगडी किंवा विटांच्या भिंतीवर मला स्क्रू बरे वाटतात, पण ते दगडात किंवा विटेत नव्हे, दोन थरांमधल्या चुन्याच्या सांध्यात. दगडाला पाडलेलं भोक कायमचं, सांधा उद्या चुन्याने पुन्हा भरता येतो. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे. लोखंडी स्क्रू गंजला की फुगतो, आणि भेग मोजायला लावलेल्या स्क्रूने स्वतःची एक भेग पाडावी यासारखा विनोद नाही. आमच्या गटात चुन्याच्या कामातले एक मुरलेले गवंडी आहेत, सगळे त्यांना मिस्त्रीकाका म्हणतात. भोक पाडायचं तर ते पाडतात, आम्ही शिडी धरतो. मालकाची लेखी परवानगी आधी. इमारत कायद्याने संरक्षित असेल तर ज्या खात्याकडे ती असेल त्याचीही. एका छोट्या स्क्रूसाठी एवढं पत्रव्यवहाराचं लचांड कशाला, असं नव्या स्वयंसेवकांना वाटतं. मात्र पुढे तीच नोंद पुरावा म्हणून मांडायची वेळ आली, की गेज कोणाला विचारून लावलं हा पहिला प्रश्न असतो.

कुठली भेग निवडायची, हाही प्रश्न आहेच. प्रत्येक भेगेवर गेज लावत सुटलं तर भिंतीची परीक्षेची वही होते. मिस्त्रीकाकांची कसोटी सोपी आहे. भेगेत डोकावून बघा. कडा झिजलेल्या, आत धूळ, कोळिष्टकं, जुन्या रंगाचे थर उतरलेले असतील तर ती जुनी. कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असेल तर नवी. "ताई, काळी भेग म्हातारी, पांढरी भेग तान्ही. तान्हीवर लक्ष ठेवा," असं ते म्हणतात. त्याच्या जोडीला भेगेचा आकार वहीत काढून ठेवावा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी पायऱ्यापायऱ्यांनी निघालेली भेग वरच्या टोकाला जास्त रुंद आहे की खालच्या, हे लिहून ठेवलं तर पुढे येणाऱ्या इंजिनिअरला पाया कुठल्या अंगाने खचला असेल याचा अंदाज बांधायला मदत होते. गेज एका ठिकाणची हालचाल सांगतं, पूर्ण भेगेची गोष्ट सांगत नाही.

वाचन घेणं सोपं आहे, पण सोपं आहे म्हणूनच ढिलाई होते. फुली असलेली पट्टी चौकटींच्या पट्टीपासून किंचित वर असते, त्यामुळे बाजूने पाहिलं तर आकडा बदलतो. डोळा बरोबर समोर हवा. सुरुवातीला एकाच गेजचं वाचन दोघांनी एकमेकांना न सांगता घ्यायचं, असा नियम मी केला. एकीने एक लिहिलं, दुसऱ्याने दीड. गेजवर रेघा एक-एक मिलिमीटरच्या आहेत, अर्ध्या मिलिमीटरचा अंदाज डोळ्याने करता येतो, त्याहून बारीक काही सांगणारा माणूस कल्पनाशक्ती वापरतोय असं समजावं. प्रत्येक वाचनाचा समोरून फोटो, फोटोत गेजचा नंबर दिसलाच पाहिजे.

आमच्या वहीत रकाने असे: तारीख, वेळ, हवेचं तापमान, अलीकडे पाऊस झाला का, आडवं वाचन, उभं वाचन, वाचणाऱ्याची सही. खाडाखोड नाही. चुकलं तर एका रेघेने खोडायचं, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही. यावरून तरुण मंडळी माझी टिंगल करतात. करू देत.

तापमानाचा रकाना मी हट्टाने ठेवला आहे, आणि गेज विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही अशी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या रकान्यात आहे. भिंत उन्हाने प्रसरण पावते. विटेच्या बांधकामाचा प्रसरणाचा हिशेब साधारण असा: एका अंशाला, मीटरमागे, मिलिमीटरच्या हजार भागांतले सहा भाग. दहा मीटर लांब भिंत घ्या आणि दोन ऋतूंमधला फरक वीस अंशांचा धरा. गुणाकार केला तर १.२ मिलिमीटर येतात. म्हणजे भिंतीला काहीही झालेलं नसताना गेजवर एक चौकट इकडची तिकडे होऊ शकते. गेजचं प्लास्टिक तर विटेच्या दसपटीहून जास्त प्रसरण पावतं, पण पट्टी जेमतेम वीतभर असल्यामुळे तो फरक डोळ्याला दिसत नाही. चिकणमातीवर बांधलेली इमारत असेल तर आणखी एक झोका असतो, कारण कोरड्या दिवसांत माती आकसते, ओल्यात फुगते. तेव्हा वर्षाचं एक पूर्ण चक्र वहीत उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. भेग उघडली, मिटली आणि वर्षअखेर जिथून निघाली तिथे परत आली तर ती इमारतीचा श्वास आहे. दर वर्षी थोडी पुढे जाऊन थांबत असेल तर तो आजार.

फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चच्या घुमटाला शतकानुशतकांच्या भेगा आहेत. १९८७ मध्ये तिथे दीडशेहून जास्त उपकरणं बसवली, आणि त्या भेगा ऋतूंबरोबर उघडतात-मिटतात हे आकड्यांत दिसलं. आपल्या गावातल्या इमारतीला दीडशे उपकरणं कोणी देणार नाही. तीन प्लास्टिकच्या पट्ट्या आणि एक वही यांच्यावरही तोच धडा गिरवता येतो, फक्त वेळ जास्त लागतो.

या वेळ लागण्याचा फायदा आम्हाला एकदा लख्ख दिसला. एका जुन्या कोठाराच्या मागच्या भिंतीवर तिरकी भेग होती. मालकाने आणलेल्या एका सल्लागाराने बैठकीत सांगितलं, भेग झपाट्याने वाढतेय, भिंत उतरवावी लागेल, जमल्यास पूर्ण इमारतच. आम्ही वही उघडली. उन्हाळ्यात भेग खरोखर उघडली होती, आणि थंडीत जवळजवळ तेवढीच मिटली होती. उभं वाचन जागचं हललेलं नव्हतं. सल्लागाराने फक्त उन्हाळा पाहिला होता. भिंत अजून उभी आहे.

दुसरी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. जुन्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवरच्या गेजने आमच्या मनाविरुद्ध उत्तर दिलं. आम्ही सगळीकडे सांगत होतो की ती भेग जुनी आहे, काळजीचं कारण नाही. आडवं वाचन दर महिन्याला एकाच दिशेने सरकत राहिलं. ऊन असो, पाऊस असो, मागे येणं नाही. गटातल्या काहींचं म्हणणं होतं की हे आकडे तूर्त जाहीर करू नयेत, विरोधकांच्या हातात कोलीत मिळेल. मी वही घेऊन सरळ कचेरीत गेले. भिंतीला आधाराचे टेकू लावले गेले, पायाशी खोदून पाहिलं तेव्हा जमिनीखालचा सांडपाण्याचा नळ फुटलेला निघाला आणि त्याच्या पाण्याने पायाखालची माती धुऊन नेली होती. इमारत वाचली ती टेकूंमुळे आणि नळदुरुस्तीमुळे. वाचन सोयीचं नसेल तेव्हा ते लपवणारा गट पुढच्या वेळी सोयीचं वाचन घेऊन उभा राहिला, तर त्याच्यावर विश्वास कोणी का ठेवावा?

मोजत राहण्याची सवय फार जुनी आहे, आणि मोठ्यामोठ्यांनाही तिच्याशिवाय चाललेलं नाही. रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला भेगा पडल्या तेव्हा १७४२ मध्ये पोपने तीन गणितज्ञांना कामाला लावलं. दुसऱ्या वर्षी पदुआ विद्यापीठातले प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी आले, त्यांनी भेगांची तपासणी केली, आणि घुमटाला पाच नव्या लोखंडी कड्या आवळल्या. पिसाच्या मनोऱ्याचा कल १९११ पासून नियमित मोजला जातोय. १९३४ च्या सुमारास पाया मजबूत करायचा म्हणून तिथे सिमेंट भरलं, आणि मनोरा आणखी कलला! मोजमाप चालू नसतं तर तो उपाय यशस्वी म्हणून मिरवला गेला असता. १९९० मध्ये मनोरा बंद केला, उत्तरेकडची माती बेताबेताने काढून कल कमी केला, आणि २००१ च्या डिसेंबरात लोकांना पुन्हा वर सोडलं.

भेगेची रुंदी किती म्हणजे गंभीर, हे प्रत्येक जण विचारतो. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची एक वर्गवारी इंजिनिअर लोक सर्रास वापरतात. ०.१ मिलिमीटरपर्यंत नगण्य, १ पर्यंत फार किरकोळ, ५ पर्यंत किरकोळ, ५ ते १५ मध्यम, १५ ते २५ गंभीर, त्यापुढे अतिगंभीर. हा तक्ता मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय, पण लाल शाईत एक इशाराही लिहिलाय: तो ठेंगण्या इमारतींसाठी आहे, आणि त्यात रुंदी हे अनेक निकषांपैकी एक आहे. वीस मिलिमीटरची भेग पन्नास वर्षं तशीच असेल तर ती दोन मिलिमीटरच्या धावत्या भेगेपेक्षा कमी काळजीची असू शकते. निर्णय इंजिनिअरचा, तोही जुन्या बांधकामाची जाण असलेल्याचा. गेज बघून स्वयंसेवकाने "सुरक्षित आहे" असं कधीही कोणाला सांगू नये. भिंत फुगलेली दिसली, भेग काही दिवसांतच डोळ्यांदेखत वाढली, दारं अचानक अडकायला लागली, तर गेज-बिज राहू दे, माणसं बाहेर काढा आणि फोन करा.

गेजला काय दिसत नाही? पहिलं म्हणजे भिंत पुढे फुगणं. साधं गेज आडवी आणि उभी हालचाल दाखवतं, तुमच्याकडे येणारी हालचाल त्याला कळत नाही. त्यासाठी वेगळ्या बनावटीचं मिळतं, कोपऱ्यासाठी आणि जमिनीसाठीही वेगळी मिळतात. कोपऱ्याचं आम्ही वापरून पाहिलं, वाचायला कटकटीचं आहे, मला पटलं नाही.

दुसरं आणि फार मोठं म्हणजे पाणी. जुन्या इमारतींचा खरा शत्रू भेग नाही, पाणी आहे. तुंबलेली पन्हळ, निखळलेला पावसाळी नळ, भिंतीच्या माथ्यावर रुजलेलं रोपटं, आणि चुन्याच्या भिंतीवर कोणीतरी मायेने थापलेलं सिमेंट. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवतं, मग क्षार विटेत साठतात आणि विटेचा चेहरा पापुद्र्यांनी झडायला लागतो. यातलं काहीही गेजवर उमटत नाही. फुली शून्यावर शांत बसलेली आणि दोन हातांवर भिंत सडतेय, असं होऊ शकतं. म्हणूनच सुरुवातीला दुर्बीण म्हटलं. पाऊस चालू असताना छत्री घेऊन इमारतीसमोर उभं राहायचं आणि पन्हळीचं पाणी कुठून वाहतंय ते दुर्बिणीतून बघायचं. त्या एका फेरीत जे कळतं ते गेजला वर्षभरात कळत नाही.

पण गंमत अशी की ती फेरी होते गेजमुळेच. "इमारतीवर लक्ष ठेवा" असं सांगितलं तर कोणी जात नाही. "तीन नंबरचं वाचन आणायचंय" म्हटलं की माणूस जातो, कारण काम ठरलेलं आहे आणि रकाना रिकामा दिसतोय. गेला की पन्हळ बघतो, तुटलेली काच बघतो, पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलतो. इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता, की भव्य जीर्णोद्धार करण्यापेक्षा रोजची निगा राखून पडझड थोपवा. नेदरलँड्समध्ये १९७३ पासून मॉन्युमेंटनवाख्त नावाची सेवा आहे. तिचे पगारी तपासनीस ठरावीक काळाने इमारतीवर चढतात, पन्हळी-छप्पर-भिंती पाहतात, किरकोळ काम जागच्या जागी करतात आणि मालकाला अहवाल देतात. तसलं काही सगळीकडे असावं असं मला फार वाटतं. नाही तोवर रिकाम्या रकान्याची टोचणी तरी असावी.

याच कारणाने बॅटरीवर चालणारी, आकडे परस्पर फोनवर पाठवणारी उपकरणं मी गटाला घेऊ दिली नाहीत. ती अचूक असतात, शंभरावा भागही सांगतात, आणि मोठ्या कामात, शेजारी खोदकाम चालू असताना, ती लागतातच. लहान गटाचं मात्र असं होईल की आकडे घरबसल्या येतील, माणसं जायची थांबतील, एक दिवस बॅटरी संपेल आणि ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

स्वस्तातले पर्याय दोन. भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवणं हा जुना प्रकार. भिंत हलली की काच तडकते. किती हलली, कुठल्या दिशेने, परत आली का, यातलं काही ती सांगत नाही, शिवाय फुटक्या काचेचे तुकडे पायात. माझ्या मते आता ती सोडून द्यावी. दुसरा प्रकार चांगला आहे, गेजपेक्षाही अचूक: भेगेच्या दोन बाजूंना मिळून काटकोन त्रिकोणात तीन छोटे पितळी स्क्रू बसवायचे आणि त्यांच्यामधली अंतरं कॅलिपरने, म्हणजे दोन जबड्यांच्या सरकत्या मोजपट्टीने, मोजायची. मिलिमीटरचा दहावा भाग सहज कळतो. लांबून दिसतही नाही. अडचण एवढीच की कॅलिपर धरायला हात सरावलेला हवा, आणि आमच्याकडे दर महिन्याला माणूस बदलतो.

लांबून दिसण्याचा मुद्दा किरकोळ नाही. दर्शनी भिंतीवर पांढरी पट्टी दिसली की अफवा उठते, इमारत पडायला आली, मीटर लावलाय. आम्ही आता गेजशेजारी छोटी पाटी लावतो: "हे नेहमीचं निरीक्षण आहे, धोक्याची सूचना नाही", खाली गटाचा संपर्क. पोरं उपटून नेतात तो त्रास वेगळाच. त्यासाठी पट्टीच्या कडेला, भेगेच्या दोन्ही बाजूंना, सांध्यात पेन्सिलीचे बारीक ठिपके ठेवून त्यांच्यातलं अंतर वहीत लिहिलं की नवं गेज जुन्याच जागी येतं आणि साखळी तुटत नाही. उन्हाकडच्या भिंतीवरच्या आमच्या एका गेजची पारदर्शक पट्टी पिवळट पडलीय, फुलीचा लाल रंगही उडालाय. उत्पादकांनी फुली रंगवण्याऐवजी कोरून द्यावी. चौकटींवरचे आकडेही साठीच्या पुढच्या डोळ्यांना दिसतील एवढे मोठे छापावेत, कारण असल्या कामाला वेळ आमच्याच वयाच्या लोकांकडे असतो.

मागवताना पहिल्या खेपेला तीनच मागवा. दोन लावायला, एक उपटून नेलं तर बदलायला. डझनभर घेतलेली मंडळं मी पाहिलीत. पहिल्या दोन महिन्यांत सगळ्या भिंतींवर पट्ट्या आणि सहाव्या महिन्यात वही कोरी. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच दिवशी गटाबाहेरच्या एका माणसाकडेही पाठवून ठेवा. आमच्याकडे ते काम वाचनालयाची ग्रंथपाल करते, आणि वाचन दोन दिवस उशिरा गेलं तर तिचा फोन येतो.